तोच की तसाच?

(भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवली. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला मी इंग्रजी शब्द निवडला म्हणून पहिल्या रांगेतल्या एक-दोघांच्या भुवया वर गेलेल्या मला दिसताहेत. पण ज्या शब्दाबद्दल मी बोलणार आहे, तो आता इंग्रजी उरलाय कुठे? लग्नसराईत भंडाऱ्याच्या कुठल्याही साडीच्या दुकानात जाऊन बसा. दोन जावा आलेल्या असतात. एकीला एक साडी आवडते आणि दुसरी दुकानदाराला म्हणते, ‘दादा, सेम दाखवा, पण दुसऱ्या रंगात.’

दुकानदार गोंधळत नाही. रंग वेगळा हवा म्हणजे साडी सेम नकोच आहे, असा वाद तो घालत नाही. काठ, पदर, पोत आणि भाव एक असावा, रंग तेवढा निराळा, हे त्याला बरोबर कळतं. सेम हा शब्द असाच चालतो. कशाच्या बाबतीत सेम, हे तो स्वतः कधी सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. औषधाच्या दुकानातही तेच. चिठ्ठीवरची गोळी नसते, दुकानदार दुसरी पुढे करतो, ‘सेमच आहे.’ सेम काय असतं? आतला घटक आणि त्याचं प्रमाण. कंपनी, रंग, वेष्टन, किंमत सगळं वेगळं. तो खोटं बोलत नाही, पण आजोबांना वाटतं की आपली नेहमीची गुलाबी गोळी पांढरी झाली.

इंग्रजीत हा शब्द दोन अगदी निरनिराळी कामं करतो. ‘त्याने कालचाच सेम शर्ट घातलाय’ म्हटलं, तर शर्ट एक आहे आणि बहुधा धुतलेला नाही. ‘आम्ही दोघांनी सेम शर्ट घातलाय’ म्हटलं, तर शर्ट दोन आहेत. पहिल्या वाक्यात वस्तू एक आणि वेळा दोन. दुसऱ्यात वस्तू दोन आणि घडण एक. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक संदर्भावरून काढावा लागतो. आपल्याला नाही. पहिला ‘तोच शर्ट’, दुसरा ‘तसाच शर्ट’. जर्मन भाषेतही असे दोन शब्द आहेत आणि तिथले शिक्षक मुलांना ते वेगळे ठेवायला बजावतात, मुलं मात्र बोलताना सरमिसळ करतात. आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही बजावावं लागत नाही. वर्गात पेन हरवला आणि दुसऱ्याच्या दप्तरात सापडला, तर ‘हा माझाच आहे’ आणि ‘माझ्याकडेही तसाच आहे’ यांतलं अंतर त्याला पक्कं ठाऊक असतं. भांडण त्या अंतरावरच असतं.

आपल्या बोलीत तर ‘वानी’ आहे. ‘पोरगा बापावानी दिसते.’ हा ‘वानी’ फार प्रामाणिक शब्द आहे. तो फक्त साम्य सांगतो, एकपणाचा दावा कधीच करत नाही. ‘सारखा’ मात्र अवखळ. संस्कृत सदृक्ष प्राकृतात सारिक्ख झाला आणि आपल्याकडे सारखा. त्याने पुढे आणखी धंदे पत्करले. ‘अंथरूण सारखं कर’ म्हणजे नीट कर. ‘सारखा रडतो’ म्हणजे थांबतच नाही. आणि ‘बरोबर’ फारसीतून आला. मुळात छातीला छाती भिडवून उभं राहणं. आज तो सोबतीला, तुल्यबळाला आणि गणिताच्या उत्तरालाही लागतो. मराठी या बाबतीत सोवळी आहे असं मात्र कुणी समजू नये. ‘एकच’ या शब्दात आपणही तोच घोळ घालतो. ‘आम्ही दोघी एकच साडी नेसलो होतो,’ असं बायका सर्रास म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

आता या पाहुण्याचं कुळ थोडं पाहू. सेम हा शब्द मुळात इंग्लंडचाही नव्हे. उत्तरेकडून आलेल्या, आपण ज्यांना व्हायकिंग म्हणतो त्या लोकांच्या नॉर्स भाषेतून तो सुमारे आठशे वर्षांपूर्वी इंग्रजीत रुजला. त्याआधी इंग्रज या अर्थाने ‘इल्क’ हा आपला शब्द वापरत होते. सेमने त्याला इतकं बाजूला सारलं की तो आता स्कॉटलंडमधल्या खानदानी नावांत आणि एखाद्या ठरीव वाक्प्रयोगातच उरलाय. नॉर्स भाषेतल्या त्या शब्दाचं मूळ आणि संस्कृत ‘सम’चं मूळ एकच. ग्रीकमधला ‘होमो’ त्याच मुळाचा, म्हणून होमिओपॅथीच्या पाटीवरही तो आहे. लॅटिनमधून आलेले सिमिलर, सिंपल, असेंब्ली हे त्याच गोतावळ्यातले. तबल्यावरची सम, सम-विषम आकडे, समान, समता, सामान्य ही सगळी आपल्या घरातली भावंडं. कॉलेजची मुलगी मैत्रिणीला ‘सेम यार’ म्हणते तेव्हा दूरच्या चुलत्याला हाक मारते. म्हणून या शब्दाला हाकलून द्या, असं मी म्हणणार नाही. त्या भुवया आता खाली यायला हरकत नाही.

‘सेम टू सेम’ ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनाही एक सांगतो. इंग्रजाला हा प्रयोग विचित्र वाटतो, तो आपल्या देशातल्या बोलण्याने घडवला. पण ‘हुबेहूब’ आपण किती अभिमानाने वापरतो! तो फारसी ‘हू-ब-हू’. अरबीत हू म्हणजे तो, ‘तो-ला-तो’. म्हणजे सेम टू सेमचाच साचा, फक्त काही शतकं आधी आलेला. जसाच्या तसा, तंतोतंत, जिथल्या तिथे हे आपले अस्सल प्रयोगही शब्द दोनदा उच्चारूनच उभे राहतात. सारखेपणा सांगायचा तर शब्दाचीच जोडी लावायची, ही आपली जुनी खोड आहे. शाळेतली पोरं एकाच रंगाचा कपडा दिसला की ‘सेम पिंच’ म्हणून चिमटा काढतात, त्यात तर व्याकरणही नाही, नुसता आनंद आहे.

सरकारी इंग्रजीतला सेम हा आणखी वेगळा प्राणी. ‘अर्ज पाठवला आहे, कृपया द सेम स्वीकारावा.’ तिथे त्याचा सारखेपणाशी संबंधच नाही. वर जे म्हटलं ते पुन्हा लिहायचा कंटाळा, एवढाच अर्थ. ते काम आपल्या कचेऱ्यांत ‘सदर’ करतो. सदर अर्जदार, सदर जमीन, सदर प्रकरणी. तलाठ्याच्या एका कागदावर मी सदर इतक्या वेळा वाचलाय की शेवटी कोणता इसम कोणत्या जमिनीचा, हेच कळेना.

आणि कागदाचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण या जिल्ह्यात सेमचा खरा कस तिथेच लागतो.

तहसील कार्यालयाच्या आवारात, अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलांपाशी, एक प्रतिज्ञापत्र हमखास लिहिलं जातं. अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत, असं माणूस शपथेवर लिहून देतो. म्हणजे मी तोच आहे, अशी शपथ. विचार करा, जन्मापासून जो माणूस त्याच गावात, त्याच घरात राहिला, ज्याला सारी आळी ओळखते, त्याला एक दिवस आपण आपणच असल्याचं शपथेवर सांगावं लागतं. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘वन अँड द सेम पर्सन’ असं असतं. यात एक गंमत आहे. इंग्रजीचा स्वतःच्या सेमवर कायद्यात भरवसा नाही. नुसतं सेम म्हटलं तर ‘तसाच’ असा अर्थ निघायचा, म्हणून त्याला ‘वन’चा टेकू द्यावा लागतो. बोलण्यातही ठासून सांगायचं झालं की इंग्रज ‘व्हेरी सेम’, ‘सेल्फसेम’ करतात. आपलं काम एका ‘च’वर भागतं.

हे प्रतिज्ञापत्र आपल्याकडे इतकं का लागतं? त्याचं एक कारण आपली बोलीच आहे. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. ण चा न होतो, ळ चा र, श चा स. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून ही तिची रीत आहे, अशुद्धपणा नव्हे, हे आपल्याला शिकवलं. पण शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बोरकरांना विचारून भरलेलं नसतं. आईने पोराचं नाव ‘गनेस’ सांगितलं. एका गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं, दुसऱ्यांनी सुधारून ‘गणेश’ लिहिलं. बाळकृष्णचा बारकिस्ना झाला, तो सातबाऱ्यावर तसाच राहिला. पुढे रोमन लिपी आली. वासुदेव हा आमच्या विदर्भात जुन्या वळणाने डब्ल्यूने सुरू होऊन ‘देओ’ने संपतो, आणि आधार केंद्रावरचा मुलगा तो व्हीने लिहितो. शेवटी हा माणूस आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायला जातो. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. तीन कागदांवर तीन वासुदेव.

संगणकाला तोच आणि तसाच यांतला फरक कळत नाही. त्याला अक्षरं जुळतात की नाही, एवढंच समजतं. अक्षरं जुळली तर दोन वेगळी माणसंही त्याला एक. नाही जुळली तर एकच माणूस दोन. गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोघे सहज सापडतात. गाव त्यांना ‘खालच्या आरीचा’ आणि ‘वरच्या आरीचा’ म्हणून ओळखतं आणि त्यात चूक होत नाही. संगणकाजवळ आळी नाही. नाव जुळवणं म्हणजे माणूस ओळखणं, असं धरून आपण सारा कारभार बांधला, आणि चुकलेल्या अक्षराचा भुर्दंड ज्याने ते अक्षर लिहिलंच नव्हतं त्याच्या माथी मारला. मला यात अन्याय दिसतो. शपथ खरं तर लिहिणाऱ्याने घ्यायला हवी.

तोच म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. इथून जवळच पवनीला वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप आहेत. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं. त्या परंपरेतल्या मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा नागसेन भिक्षूला विचारतो की, जन्मलेला बालक आणि वाढलेला माणूस एकच की निराळे? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरी दिसते तीच ज्योत शेवटच्या प्रहरी असते का? ती नव्हे, पण निराळीही नव्हे. एकीतून दुसरी अखंड येत राहते. म्हणजे तोच आणि तसाच यांच्या पलीकडे त्याने तिसरं उत्तर दिलं. हे उत्तर धान केंद्रावर चालणार नाही, हे खरं. पण बाळकृष्णचा बारकिस्ना कसा झाला, हे समजायला मला तरी तेच जवळचं वाटतं.

आणखी एक गल्लत इथेच सांगून टाकतो. समान म्हणजे सेम नव्हे. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.  त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आपण मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. मूल्य एक आहे म्हणजे माणसं एकसारखी आहेत, असं त्यात कुठेच नाही. माणसं एकसारखी नसतात म्हणूनच मूल्य एक ठरवून द्यावं लागतं. गणवेश सर्वांचा सेम केला की समता आली, असं समजणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. वर्गात कोण कुठे बसतं, तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

आता धानाकडे येतो, आपल्या जिल्ह्यात त्याच्याशिवाय व्याख्यान पुरं होत नाही. आणि तोच-तसाचचा सर्वात मोठा खटला धानाच्याच बांधीत उभा राहिला.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण जेमतेम, जमीन थोडी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. आता, रोवणी केलेल्या बांधीत सगळं धान सारखंच दिसतं, धुऱ्यावरून बघणाऱ्याला तर हिरवं एवढंच. त्या सारखेपणात जे सारखं नव्हतं ते त्यांनी टिपलं, वेगळं काढलं, दरवर्षी निवडून निवडून पुन्हा पेरलं. दाणा बारीक, भात चवीला उत्तम. ते बियाणं व्यापाऱ्याकडे गेलं, आणि त्या वेळी लोकांच्या मनगटावर असणाऱ्या घड्याळावरून त्याचं नाव एचएमटी पडलं. पाहता पाहता धान पिकवणाऱ्या राज्यांत ते पसरलं.

पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही निवडपद्धतीने शुद्ध केलेला हा वाण आहे. दादाजींचं म्हणणं, हे माझंच धान आहे. बघा, सगळा तंटा त्या एका ‘च’वर येऊन ठेपला. शुद्ध केलेलं बियाणं मूळ बियाण्याचंच पुढचं रूप, की एक नवा वाण? शास्त्रज्ञाच्या वहीत ते वेगळं असेल. शेतकऱ्याच्या कोठीत ते तेच. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या निवडीतून निघालेल्या एचएमटीने गिरण्या, व्यापारी आणि लाखो शेतकरी यांना पैसा दिला. त्यांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही.

या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यायचा प्रयत्न २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात झाला. वाणाची नोंद व्हायची तर इतर अटींबरोबर तीन कसोट्या: वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता. वाण दुसऱ्या माहीत असलेल्या वाणांहून वेगळा हवा, त्याची सगळी झाडं आपसांत एकसारखी हवीत, आणि पुन्हा पुन्हा पेरलं तरी तो तोच राहायला हवा. सारखेपणाचे तीन निरनिराळे अर्थ कायद्याने सुटे केले. साडीच्या दुकानातल्या जावा जे एका ‘सेम’मध्ये कोंबतात, ते इथे झाडाची उंची, पानाचा कोन, लोंबीची ठेवण, दाण्याची लांबी अशा लक्षणांनी मोजलं जातं. शेतकऱ्यांच्या वाणांनाही या कायद्यात नोंदणीची जागा आहे, ही त्यातली मोलाची गोष्ट. दादाजींचं एचएमटी बाजारात उतरलं तेव्हा असा कायदाच नव्हता.

आणि आपल्या घरातलं उदाहरण चिन्नोर तांदळाचं. ज्याच्या घरी चिन्नोर शिजला त्याच्या शेजाऱ्याला सांगावं लागत नाही, वासच सांगतो. भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट चिन्नोरलाही मिळालं आहे. वैनगंगा बालाघाटातून वाहत आपल्याकडे येते. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होते. राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो आणि मधली सीमा राज्याची झाली. बाजारात एका बोरीवर भंडारा आणि दुसरीवर बालाघाट असं लिहिलेलं दिसलं की कुणीतरी विचारतोच, ‘सेमच हाय ना गा?’

मानांकनाचा कायदा या प्रश्नाला दाण्यावरून उत्तर देत नाही, जागेवरून देतो. नाव तेच असो, दाणा तसाच असो, माती, पाणी आणि पिकवणाऱ्यांची रीत जिथली तिथलं ते नाव. बालाघाटचा चिन्नोर भंडाऱ्याच्या नावाने विकला तर तो गुन्हा, आणि भंडाऱ्याचा बालाघाटच्या नावाने विकला तरीही. दोन्ही भात एकाच पंगतीत वाढले तर किती जणांना फरक ओळखता येईल, याची मला शंका आहे. लाखांदूर-पवनीकडचे काही शेतकरी आज इथे बसलेत, ते डोळे मिटून ओळखू म्हणतात. व्याख्यानानंतर त्यांच्याशी या बाबतीत वाद घालायला मी तयार आहे, पण भात त्यांनी आणायचा.